मागच्या कडेवरची १९ छिद्रं

२० नोव्हेंबर २०२२. कतारमधल्या अल खोरच्या अल बैत स्टेडियमवर फुटबॉल विश्वचषकाचं उद्घाटन चाललं होतं. कमरेखालचं शरीर जन्मतःच पूर्ण न घडलेला, हातांवर चालणारा २० वर्षांचा गानिम अल मुफ्ताह समोर आला आणि त्याच्याशी बोलायला अभिनेते मॉर्गन फ्रीमन जमिनीवर बसले. उंची जुळवून घेतली ती फ्रीमन यांनी.

जुळवून घ्यायचं ते आपण, ही समज वस्तूत उतरलेली पाहायची तर मायक्रोसॉफ्टनं २०१८मध्ये अपंग खेळाडूंसाठी काढलेला, व्हिडिओ गेम खेळायचा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर निरखावा. चपटी पांढरी पाटी, वर बशीएवढी दोन काळी बटणं. खरी प्रतिभा मागच्या कडेला आहे. तिथे ओळीनं १९ छिद्रं, हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन बसेल अशी. नेहमीच्या कंट्रोलरवरचं एकेक बटण इथे एकेका छिद्रात आलं आहे. पायाखालचा, कोपराजवळचा किंवा डोक्यामागचा स्विच हव्या त्या छिद्रात जोडावा. प्रत्येक छिद्राच्या वर पृष्ठभागावर एक खाच आहे, म्हणजे पाटी न उलटता स्पर्शानंच पिनची जागा सापडते. ही खाच मला फार आवडते. पिन खोचणं हीसुद्धा एक हालचालच आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात होतं! खोकासुद्धा दात न लावता उघडावा म्हणून त्याला ओढायचे फासे आहेत.

१९८९च्या सुमारास निन्टेंडोनं छातीवर बांधायचा कंट्रोलर काढला होता: दांडी हनुवटीनं हलवायची, नळीत फुंकर मारली किंवा हवा ओढली की बटणं चालायची. कल्पना धाडसी, पण शरीर कसं असेल हे तिनं आधीच ठरवलेलं. या पाटीनं ते न ठरवता खेळणाऱ्यावर सोडलं, आणि तिचं मोठेपण मला याच मुद्दाम ठेवलेल्या अपुरेपणात दिसतं.

पिनही नवी शोधलेली नाही. सहाय्यक उपकरणांच्या स्विचच्या पिना आधीपासून बहुधा याच मापाच्या असतात. कतारमध्येच, दोह्यात, २०१० पासून 'मदा' हे सहाय्यक तंत्रज्ञानाचं केंद्र काम करतं. संगणक चालवायला अशा पिनचा स्विच हाताशी असलेल्या तिथल्या मुलाला तोच स्विच या पाटीला जोडून गेममध्ये गोल मारायलाही वापरता येईल.

उणीव आहे ती खर्चाची. बाजारात आली तेव्हा पाटी सुमारे १०० डॉलरची होती, पण स्विच वेगळे घ्यावे लागतात, आणि त्यांची किंमत पाटीच्या पुढे जाऊ शकते. सगळे स्विच जमेपर्यंत घरात 'कोपायलट' या नावानं आलेली एक्सबॉक्सची सोय कामी येते: दोन कंट्रोलर जोडायचे, धावणं भावानं सांभाळायचं, चेंडू आपण मारायचा. गेमच्या लेखी खेळाडू एकच.