उपेक्षित म्हणू नका, नाव सांगा

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात. हलक्या धानाची कापणी उरकत आलेली असते, माहेरवाशिणी आणि पाहुणे घरोघरी असतात, आणि वरठी, आंधळगाव, करडीपासून वैनगंगेकाठच्या लहान गावांपर्यंत चौकाचौकांत फलक लागतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत, रात्री नाटक. गंमत ‘दुय्यम’ असेल, म्हणजे दोन शाहिरांचा आमनेसामने मुकाबला असेल, तर गर्दी आणखी वाढते. माणसं उभ्याउभ्या दुपार घालवतात. म्हणून खडी गंमत मरायला टेकली आहे, असं मी लिहिणार नाही. गायक आहेत, श्रोते आहेत, सुपारी देणारी मंडळंही आहेत. तिच्याबद्दल गाणं म्हणून बोलणारं मात्र कोणी नाही.

आपल्याकडे लोककलावंतावर लिहायचं म्हटलं की लेखाचा साचा ठरलेला असतो. गळकं घर, थकलेलं वय, रखडलेलं मानधन आणि मथळ्यात ‘उपेक्षित’ हा शब्द. यातली हालअपेष्टा खरी असते, ती छापून आलीच पाहिजे. पण असा लेख वाचून संपला तरी तो शाहीर कोणत्या सुरात गातो, कोणाच्या तालमीत शिकला, त्याची चाल शेजारच्या गावच्या शाहिरापेक्षा कुठे वेगळी पडते, त्याचा ढोलकीवाला कोण, यातलं काहीही कळत नाही. दुःख कळतं, कला कळत नाही. गायकाची कीव करणं त्याचं गाणं ऐकण्यापेक्षा सोपं असतं, आणि आपण इतकी वर्षं सोपं तेच करत आलो आहोत.

हे प्रकर्षाने जाणवतं ते अमेरिकेतल्या ब्लूजचा इतिहास वाचताना. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या काळ्या शेतमजुरांचं हे गाणं. गुलामगिरी कागदावर संपली, तरी जमीनमालकाच्या वहीत कर्ज आणि रस्त्यावर अपमान कायम होता. त्या जगण्यातून ते आलं. १९२० साली मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ हे ध्वनिमुद्रण तुफान खपलं आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की हे गाणं विकत घेणारा मोठा वर्ग आहे. पुढची दहाएक वर्षं कंपन्यांनी दक्षिणेतले गायक शोधून शोधून ध्वनिमुद्रित केले. १९२९च्या मंदीनंतर तो धंदा बसला आणि ज्यांच्या एक-दोन तबकड्या निघाल्या होत्या असे कितीतरी गायक पुन्हा शेतावर गेले.

मिसिसिपी जॉन हर्ट त्यांपैकी एक. १९२८ साली त्याने ओकेह कंपनीसाठी काही गाणी गायली, ती फारशी खपली नाहीत, आणि हा माणूस पस्तीस वर्षं शेती आणि गुरं सांभाळत राहिला. त्याचं एक गाणं मात्र त्याच्या गावावर होतं. ऍव्हलॉन हे त्या गावाचं नाव. टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने ती जुनी तबकडी ऐकली, नकाशावर ऍव्हलॉन शोधलं आणि १९६३ साली थेट तिथे जाऊन पोहोचला. हर्ट घरीच होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो हजारो लोकांसमोर गायला. पुढे तीनच वर्षं जगला, पण त्या तीन वर्षांत त्याच्या बोटांची ती मऊ, न थांबणारी चाल जगाने नीट ऐकून घेतली.

ही गोष्ट पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला परकी वाटू नये. आपल्या शाहिराचं कवन घ्या. शेवटच्या कडव्यात काय असतं? शाहिराचं नाव, वस्तादाचं नाव आणि बहुतेक वेळा गावाचंही. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम हे सगळे आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, त्याचं एक कारण हीच रीत आहे. कलगी-तुऱ्याच्या फडांत तर नाव न घालणं म्हणजे कवन बेवारस सोडणं. हॉस्किन्सला नकाशा उघडावा लागला, आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. पत्ता गाण्यातच आहे. तरी मोहाडी तालुक्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत गायलेल्या शाहिरांची एक साधी यादी कुठे छापलेली माझ्या पाहण्यात नाही.

शहरी महाराष्ट्राने हे काम स्वतःपुरतं लवकर केलं. ऍक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली काढला, पुढे य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ जमवले. पेशवाईतला शाहीर त्यामुळे वाचला. धानपट्ट्यातल्या शाहिराकडे मात्र त्या संग्राहकांची वाट वळली नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि इथल्या दंडारीसारख्या लोकनाट्यासाठी जे आयुष्यभर केलं, ते त्यामुळे मला फार मोठं वाटतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीची रंगभूमी एकदा तरी सगळ्या देशाच्या कानावर गेली. पण त्या रंगभूमीच्या शेजारीच उभी असलेली गंमत अजून त्या उजेडाबाहेर आहे.

आता गाण्याकडे. खडी गंमतीत गण, गवळण, लावणी, वग असा क्रम असतो आणि तमाशाशी तिचं नातं उघड आहे. ढोलकी, डफ, तुणतुणं, टाळ, शाहिरामागे झीलकरी, सोबत सोंगाड्या आणि नाच्या. यातलं तुणतुणं जवळून पाहा. लाकडाचा पोकळ नळा, तळाला कातडं, कातड्यातून निघून वरच्या काठीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. त्यावर एकच सूर निघतो, आणि वाजवणारा तो सूर केवळ धरून ठेवत नाही, ताल म्हणून टोचत राहतो. ढोलकी गप्प झाली तरी गाणं चालू आहे हे तुणतुणंच सांगतं. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातली काळी पोरं घराच्या भिंतीला खिळे ठोकून त्यावर झाडूची तार ताणत आणि बाटलीने दाबून वाजवत. अनेक मोठ्या ब्लूज गायकांचं पहिलं वाद्य तेच. एका तारेवर किती गाणं उभं राहू शकतं, हे दोन्हीकडच्या गरिबांनी आपापलं शोधून काढलं.

ब्लूजचं एक कडवं साधारणपणे तीन ओळींचं असतं. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग तिसरीत उत्तर द्यायचं. आपला शाहीरही मुखडा दोनदा घेतो, झीलकरी तो उचलतात, तोवर शाहिराच्या डोक्यात पुढची ओळ जुळत असते. दुय्यम गंमतीत समोरच्याने घातलेल्या सवालाचा जबाब तिथल्या तिथे बांधावा लागतो. ऐकणाऱ्याला पुनरुक्ती वाटते, गायकासाठी ती विचार करायची सवड असते. कसलेला शाहीर ही सवड कशी वापरतो, त्यावर त्याची पारख करावी. कच्चा शाहीर झील चालू असताना श्रोत्यांकडे बघून हसतो. पक्का शाहीर कानावर हात ठेवून मान खाली घालतो आणि झील संपायच्या आत, शेवटच्या अक्षरावर चढून, पुढची ओळ फेकतो. झील आणि शाहीर क्षणभर एकमेकांवर पडतात. त्या क्षणी गर्दीतून जी दाद येते ती शब्दांना नसते, त्या झेपेला असते.

मोहाडीच्या परिसरात या गाण्याचा दुसरा मोठा झरा आहे, तो भीमगीतांचा. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोनच वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या पराभवाची सल आणि त्या दीक्षेचा अभिमान या भागातल्या वस्त्यांनी गाण्यात जपला. त्याआधी नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले होते. तमाशाचा साचा घेऊन त्यातली देवस्तुती आणि अंगविक्षेप काढून टाकले आणि माणसाच्या हक्काचं गाणं त्यात बसवलं. वामनदादा कर्डकांनी तर आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली, गायली, शिकवली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटने घराघरांत नेला. विठ्ठल उमप २०१० साली दीक्षाभूमीवर गायला उभे असतानाच गेले. नागपूरच्या नागोराव पाटणकरांचं नाव भीमगीतांची कव्वाली ऐकणाऱ्या विदर्भातल्या जुन्या रसिकांना वेगळं सांगावं लागत नाही.

ब्लूजच्या सर्वात जवळ आपल्याकडे काय जात असेल तर ते हेच गाणं, असं माझं मत आहे. फरकही मोठा आहे. ब्लूज बहुधा एकट्याचं बोलतो. घर सोडून गेलेली बाई, न मिळालेली मजुरी, पुढची गाडी. भीमगीत ‘आम्ही’ने सुरू होतं आणि त्याला नायक आहे, तारीख आहे, कार्यक्रम आहे. म्हणून ते दुःखावर फार वेळ रेंगाळत नाही. मात्र कडूबाई खरात एकतारी घेऊन गाऊ लागल्या की हा फरक विरघळतो. तालीम नाही, साथसंगत नाही, एक तार आणि दारोदार गाऊन कमावलेला रुंद, खरबरीत आवाज. त्यांना लाखोंनी मोबाइलवर ऐकलं. त्यांच्या गरिबीवर खूप लिहिलं गेलं. कडूबाई ओळीचा शेवट कसा खाली सोडतात, एकतारीचा ठोका मुद्दाम किंचित मागे कसा ठेवतात, यावर मात्र मला कुठे चार ओळी वाचायला मिळाल्या नाहीत.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट सांगतो. ब्लूजच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच बायकांनी केली. मेमी स्मिथ, मा रेनी, बेसी स्मिथ या त्या काळच्या राण्या होत्या. खडी गंमतीने बाईला फार काळ रंगणाबाहेर ठेवलं आणि तिची भूमिका नाच्याने केली. नाच्यांची कला अस्सल होती, तिचा वेगळा अभ्यास व्हायला हवा. पण कव्वालीच्या मुकाबल्यात बाई पुरुषाच्या समोर बरोबरीने उभी राहून उत्तर देते, तेव्हा गाण्याला जी धार येते ती पाहता गंमतीने स्वतःचं किती नुकसान करून घेतलं हे कळतं.

आजच्या गंमतीबद्दलही तक्रार आहे. अनेक फडांत ऑक्टोपॅड ढोलकीवर बसला आहे आणि आवाजाला इतका प्रतिध्वनी लावतात की शब्दांच्या कडा उरत नाहीत. शीघ्रकवनाच्या मुकाबल्यात शब्दच ऐकू आला नाही तर उरलं काय? कालच्या सिनेमातली चाल उचलायची सवयही वाढली आहे. उसनी चाल जुन्या शाहिरांनीही घेतली, पण ते ती वाकवून घेत. आता ती जशीच्या तशी येते आणि त्यात शब्द कोंबले जातात. जो शाहीर अजूनही जुन्या चालीवर उभा राहून नवा विषय बांधतो, त्याला श्रोत्यांनी वेगळी दाद दिली पाहिजे, नाहीतर तोही उद्या सोपी वाट धरेल.

ब्लूजच्या शोधकांकडून शिकताना त्यांच्या चुकाही बघायला हव्यात. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ साली मिळून एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली तो गेला. त्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला या दंतकथेचा इतका गाजावाजा झाला की त्याचे हात गिटारवर काय करत होते हे मागे पडलं. १९४१ साली ऍलन लोमॅक्सने मडी वॉटर्सला शेतमळ्यावर जाऊन ध्वनिमुद्रित केलं, हे सगळे सांगतात. त्याच मोहिमेत फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे काळे संगीतज्ञ होते. त्यांचं लेखन बाजूला पडलं आणि पुस्तकरूपाने २००५ साली आलं. गाव जाणणारा अभ्यासक मागे आणि बाहेरून यंत्र घेऊन आलेला पुढे, हे आपल्याकडेही सहज घडू शकतं.

नोंदीचं मोल कळायचं असेल तर सन हाउसचं पाहा. १९३०ची त्याची गाणी जाणकारांना पाठ होती. १९६४ साली तो रॉचेस्टर शहरात सापडला तेव्हा गिटार सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती आणि स्वतःचीच गाणी विसरत चालली होती. ऍल विल्सन नावाच्या तरुणाने जुन्या तबकड्यांवरून शिकलेली गाणी त्याला पुन्हा शिकवली. आपल्या एखाद्या म्हाताऱ्या शाहिराला त्याचं विसरलेलं कवन कोण परत देईल? मोबाइलवर गंमतीच्या चित्रफिती पुष्कळ आहेत, पण वर ‘जबरदस्त गंमत’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. शाहिराचं नाव असलंच तर सुपारीच्या फोन नंबरसाठी. ढोलकीवाला, झीलकरी, गाव, साल, कवनकर्ता यांचा पत्ता नसतो.

याचा फटका पोटालाही बसतो. वृद्ध कलावंतांचं शासकीय मानधन २०२४ पासून महिना ५,००० रुपये झालं. पन्नाशी ओलांडलेल्या, पंधरा वर्षं कला सादर केलेल्या माणसाला ते मिळू शकतं. पण पंधरा वर्षं गायल्याचा पुरावा आणायचा कुठून? ज्याच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, ज्याच्या फलकांचे कागद पावसात गेले, तो अर्जासोबत काय जोडणार? तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आज विदर्भभर आहेत, कारण ती छापणारा आणि रोज म्हणणारा मोझरीचा आश्रम उभा राहिला. प्रत्येक शाहिरामागे मोझरी उभी राहणार नाही. पण एक वही उभी राहू शकते.

मंडईच्या मंडळांना म्हणून विनंती आहे की फलकावर शाहिराखाली ढोलकी, डफ, तुणतुणं वाजवणाऱ्यांची आणि झीलकऱ्यांचीही नावं छापा आणि फलकाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवा. मोहाडी-तुमसरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांनो, या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना एकेका शाहिराच्या घरी पाठवा, त्याची बाडं वाळवी लागायच्या आत पानापानाने मोबाइलवर टिपून घ्या आणि शेवटच्या कडव्यांतली नावं व गावं वेगळी उतरवा. आणि तुम्ही नुसते श्रोते असाल तर यंदाच्या मंडईत शाहीर खाली उतरला की त्याला विचारा, तुमचे वस्ताद कोण? तो सांगेल ते लिहून ठेवा.