परकीय साहाय्य आणि प्रकल्पावरील देखरेख : तारापूरच्या उभारणीची चिकित्सा

प्रस्तावना :
परकीय साहाय्यातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचे मूल्यमापन बहुधा दोन निकषांवर केले जाते : काम मुदतीत झाले काय आणि खर्च आटोक्यात राहिला काय. उभारणीवर देखरेख कोणाची होती आणि त्या देखरेखीतून देशाच्या हाती काय आले, हा तिसरा निकष मात्र दुर्लक्षित राहतो. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या आधारे या निकषाचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
तारापूर हे तत्कालीन ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील किनाऱ्यावरचे ठिकाण. येथील केंद्रासाठी १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला. अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेने सुमारे ८ कोटी डॉलरचे अल्प व्याजाचे कर्ज दिले. १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी 'टर्नकी' पद्धतीचा करार झाला. बांधकाम बेक्टेल कंपनीकडे होते. या पद्धतीत आराखड्यापासून चाचणीपर्यंतची जबाबदारी कंत्राटदाराची असते. मालकाने शेवटी चावी हाती घ्यायची. ऑक्टोबर १९६९ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटचे दोन संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. हा वेग निश्चितच प्रशंसनीय होता.

तथापि या व्यवस्थेत भारतीय अभियंत्यांना देखरेख मिळाली, ताबा मिळाला नाही. संवर्धित युरेनियमचा पुरवठा अमेरिकेवर अवलंबून होता. १९७४ ची पोखरण चाचणी आणि १९७८ चा अमेरिकन अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा यांनंतर तो अडचणीत आला. १९८० च्या दशकात फ्रान्सने इंधन पुरविले म्हणून केंद्र चालू राहिले. संचांची क्षमताही पुढे तांत्रिक कारणांनी प्रत्येकी १६० मेगावॅटवर आणावी लागली.

याउलट राजस्थानातील रावतभाटा येथे कॅनडाच्या साहाय्याने सुरू झालेल्या केंद्रात भारतीयांचा सहभाग अधिक होता. १९७४ नंतर कॅनडाने सहकार्य थांबविले, तरीही दुसरा संच भारतीय अभियंत्यांनी पूर्ण केला व तो १९८१ मध्ये कार्यान्वित झाला. हा फरक देखरेखीचा नसून अणुभट्टीच्या प्रकाराचा आहे, असा आक्षेप घेता येईल. रावतभाट्याची भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते, हे खरेच. परंतु इंधन हाती असूनही आराखड्याची जाण नसती, तर अर्धवट संच अर्धवटच राहिला असता.

चिकित्सा येथेच थांबवता येत नाही. तारापूरचे ३ व ४ क्रमांकाचे, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे संच २००५ व २००६ मध्ये स्वदेशी आराखड्यानुसार उभे राहिले. येथे देखरेख आणि ताबा दोन्ही भारतीयांकडे होते. मात्र याच विस्तारात विस्थापित झालेल्या अक्करपट्टी व पोफरण या गावांचा पुनर्वसनाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. धरणग्रस्तांच्या संदर्भात हाच प्रश्न विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीने मांडला होता. यंत्राच्या प्रत्येक जोडाची तपासणी करणारी व्यवस्था पुनर्वसनाच्या आश्वासनांची तितक्याच काटेकोरपणे तपासणी करीत नाही, हे यातून दिसते.

निष्कर्ष :
देखरेख म्हणजे केवळ कामाच्या प्रगतीची नोंद नव्हे. कर्ज फेडता येते; न शिकलेले तंत्र आणि न पाळलेले वचन यांची फेड मात्र पुढील पिढ्यांवर पडते. म्हणून साहाय्य परकीय असो वा स्वकीय, प्रकल्पाच्या करारातच ज्ञानाचे हस्तांतरण आणि विस्थापितांचे पुनर्वसन या दोन बाबी देखरेखीच्या कक्षेत आणणे अगत्याचे ठरते.