बाउमगार्टनर : वाचलेल्या माणसाची गोष्ट

मंडळी, चिक्कीच्या गावात आज जरा कडू विषय घेऊन आलोय, सांभाळून घ्या.

हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यू माणसांच्या गोष्टींचा आपल्या मनात एक साचा झालेला असतो. पोलंडमधल्या गावातला एखादा शिंपी. घरचे सगळे गेले. छावणीत गणवेश शिवायला माणूस हवा होता, म्हणून हा जगला. पुढे बोटीनं अमेरिकेला गेला, दुकान टाकलं, मुलं डॉक्टर झाली. अशी आयुष्यं खरोखर घडली, हातातल्या कसबानं माणसं तगली. माझी तक्रार शिंप्याबद्दल नाहीच, आपल्याबद्दल आहे. दुकान टाकलं म्हटलं की आपण समाधानानं पुस्तक मिटतो. ज्याला दुकान टाकणं जमलंच नाही, त्याचं काय?

अनिता देसाईंची ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ ही १९८८ची इंग्रजी कादंबरी त्या माणसाची आहे. ह्यूगो बाउमगार्टनर बर्लिनचा. वडिलांचं फर्निचरचं दुकान हातचं जातं, वडील जीव देतात आणि लाकडाच्या व्यापारातल्या ओळखीवर हा कलकत्त्याला येतो. १९३९ साली युद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकार त्याला पकडतं. का? तर तो जर्मन, म्हणजे शत्रुराष्ट्राचा नागरिक! ज्या जर्मनीनं त्याला माणसातून उठवलं, तिच्याच नावावर सहा वर्षं तारेच्या कुंपणाआड. बरं, शेजारी कोण? हिटलरभक्त जर्मनही तिथंच.

हे कल्पनेतलं नाही, आणि फार लांबचंही नाही. अशी मोठी छावणी नगरला होती. नगर म्हटलं की आपल्याला किल्ल्यातले नेहरू आठवतात, ही माणसं आठवत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात पुरंदरवर आणि पलीकडे साताऱ्यातही अशा लोकांना ठेवलं होतं. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’वाला हाइनरिश हारर आधी नगरलाच होता. मग देवळाली, डेहराडून, आणि १९४४ साली तिथून पळाला. तो एसएसचा सदस्य. त्याच्या पळण्याचं जगभर कौतुक झालं, सिनेमासुद्धा निघाला. बाउमगार्टनर पळत नाही. पळून जायचं कुठं, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे आणि त्यावर सिनेमा निघत नाही.

तत्त्वज्ञान शिकवताना हाना आरेंट नेहमी यायच्या. १९४० मध्ये फ्रान्सनं त्यांनाही जर्मन म्हणूनच गुर्सच्या छावणीत टाकलं होतं. १९४३च्या ‘वी रेफ्युजीज’ या निबंधात त्यांनी निर्वासितांच्या सक्तीच्या आशावादाची चिरफाड केली. सगळं ठीक चाललंय, असं जगाला सतत दाखवावं लागतं, ते आतून माणसाला पोखरतं. देसाईंचा नायक हे दाखवणंच सोडून देतो. सुटल्यावर कलकत्त्यात दंगली, फाळणी. मग मुंबई. भागीदार आहे तोवर बरं चालतं, त्याच्या मुलानं दार लावलं की उरतात मांजरं आणि त्यांच्यासाठी हॉटेलांतून मागून आणलेलं उरलंसुरलं. हा माणूस आपल्याला आवडत नाही. त्याचा कंटाळा येतो. तो कंटाळा येऊ देण्याचं धाडस लेखिकेनं केलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

दोन ठिकाणी मात्र माझं जमत नाही. शेवटी एक नशेबाज जर्मन तरुण त्याचा खून करतो. म्हणजे हिटलरकडून राहिलं ते पन्नास वर्षांनी पुरं झालं! हे फार बेतून केल्यासारखं वाटतं. दुसरं, मुंबईत मराठी बोलणारे बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. कुलाब्याच्या गावांत तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘शनवार तेली’. इथल्या मातीत मुरलेला असा एखादा शेजारी त्याला भेटता तर? दोघंही ज्यू. एकाला भाषा आहे, घर आहे, दुसऱ्याला दोन्ही नाही. ती भेट कादंबरीत नाही. मराठी वाचकाला ती जागा रिकामी दिसणारच.

पण आईची कार्डं मात्र मी विसरू शकलो नाही. दोन-चार ओळी. मी बरी आहे, काळजी करू नकोस, या धर्तीच्या. त्यात बातमी काहीच नाही. १९४१ नंतर कार्डं येत नाहीत. तो ती जन्मभर सांभाळतो, कुणाला दाखवत नाही. कादंबरी उघडते तेव्हा खून होऊन गेलेला आहे आणि त्याची जुनी मैत्रीण लोटे ती कार्डं उचलून घरी घेऊन आली आहे. ती वाचत बसते.