भिडू आणि कच्चे लिंबू

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तिकोणा पेठेतली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, याचे बाहेरगावच्या पाहुण्यांना मोठे हसू येते. साडेतीन हजार फुटांचा खरा तिकोणा डोक्यावर उभा असताना हा चिखलाचा कशाला? गेल्या वर्षी एका पाहुण्यांनी तसे विचारलेही. कामात गढलेल्या एका पोराने मान वर न करताच उत्तर दिले, “त्यो काय आमी केलाय व्हय?”

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकपलीकडे गेलो नाही, तरी तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पण माणूस कलेच्या खटाटोपात का पडतो, याचे इतके नेमके उत्तर मला कधी देता आले नव्हते.

किल्ल्याला हात लागण्यापूर्वी भिडू ठरतात. दगड रचणारा कोण, माती चाळणारा कोण, हळीव पेरून रान उगवणारी कोण, हे आधी पाहिले जाते. एखादे शेंबडे पोर हट्टच धरून बसले तर त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेतात. त्याने खेळावे, पण त्याच्यावर डाव नाही. मोठ्या माणसांच्या कलाव्यवहारात आपण हा प्रश्न फारसा विचारत नाही. कादंबरी वाचली की लेखकाचे नाव पाहतो, चित्र पाहिले की चित्रकाराचे. पण काही कला अशा असतात की त्यांत भिडू जमले की नाही, यावरच कृतीचे बरेवाईट ठरते. अशाच एका नव्या कलेविषयी मला लिहायचे आहे. ती कला म्हणजे पडद्यावरचे खेळ. होय, ज्यांच्यावरून घरोघरी आईबापांचे आणि मुलांचे वाजते, तेच!

हे खेळ मोठ्या कंपन्या करतात, हे आपल्याला ठाऊक असते. हौशी माणसेही ते करतात, हे सहसा ठाऊक नसते. या हौशी उद्योगाला ‘गेम जॅम’ म्हणतात. यातला जॅम पावाला लावायचा नव्हे. वादक मंडळी आयत्या वेळी जमून बैठक रंगवतात, त्या अर्थाचा. मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे काही खेळकर्ते अशा बैठकीला जमले आणि नाव रूढ झाले. जानेवारी २००९ मध्ये ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला. विषय आयत्या वेळी सांगायचा आणि ४८ तासांत खेळ उभा करायचा. पहिल्याच वर्षी २३ देशांतले १,६०० हून अधिक हौशी लोक त्यात उतरले. त्या वर्षीच्या विषयाचा आशय असा होता की, आपण एकमेकांना आहोत तोवर अडचणींना तोटा नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला तो समजावून सांगायला नको!

अशा खेळाला निदान चार तऱ्हेचे हात लागतात. एकाने नियम रचायचे, एकाने ते संगणकाच्या भाषेत उतरवायचे, एकाने चित्रे काढायची आणि एकाने आवाज भरायचे. एकाच्या अंगी हे सारे क्वचितच असते. म्हणून भिडू शोधणे आले, आणि तेथेच बहुतेकांचे गाडे अडते. कल्पना सुचलेले पुष्कळ भेटतात. प्रत्येकाला आपली कल्पना राबवणारे हात हवे असतात, दुसऱ्याच्या कल्पनेला हात लावायला मात्र कोणी तयार नसतो.

यात नवे काही नाही. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ निघाली, तेव्हा तिचे पाच भागीदार होते: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. कुलकर्णी भांडवलाच्या बाजूचे. बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र राबलेले होते. कोणाचा हात कशावर बसतो, हे त्यांनी एकमेकांच्या शेजारी उभे राहून पाहिले होते. आधी काम पाहिले आणि मग भागीदारी केली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसपर्यंत त्याचे कौतुक झाले. तो बोलपट पाहताना यातले दामल्यांचे कोणते आणि फत्तेलालांचे कोणते, हे सांगता येत नाही. सांधा दिसत नाही, हीच भिडू जमल्याची खूण होय.

हीच कसोटी मी हौशी खेळांना लावून पाहिली. खेळ लावून दाखवायला माझा एक जुना विद्यार्थी होता. तो आता पुण्याला संगणकशास्त्र शिकतो.

२०१३ च्या जानेवारीत जॅमचा विषय शब्दांत नव्हता. हृदयाची धडधड ऐकवण्यात आली. लंडनच्या चौघांनी त्यावर ‘सर्जन सिम्युलेटर’ हा खेळ केला. रोग्याचे हृदय बदलायचे, पण शस्त्रवैद्याच्या हाताचे प्रत्येक बोट वेगळ्या कळीने हलवायचे. सुरी पडते, घड्याळ पोटात जाते, आणि माणूस हसून लोळतो. हा विनोद थिल्लर आहे, हे मान्य. तरी त्यात एक गुण आहे: चौघांनी एकच गोष्ट ठरवली आणि दुसरी कोणतीही मध्ये येऊ दिली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जॅममध्ये कॅनडातल्या तिघांनी ज्या खेळाचा आरंभ केला, तो मला खरोखर थोर वाटतो. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या नावाने तो २०१५ साली बाहेर आला. एकाच्या पुढे पडद्यावर बॉम्ब असतो. तो निकामी कसा करायचा, हे दुसऱ्यांच्या हातातल्या कागदी पुस्तिकेत लिहिलेले असते. बॉम्ब दिसतो त्याने पुस्तिका पाहायची नाही. पुस्तिका आहे त्याने बॉम्ब पाहायचा नाही. मध्ये फक्त बोलणे.

गेल्या भाऊबीजेच्या रात्री आम्ही तो घरी मांडला. मुलगी पडद्यापुढे बसली. मी आणि सौभाग्यवती पुस्तिका घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. मी मास्तर, मुलीने तारांचे रंग सांगायला सुरुवात करताच मी तिला तारांविषयीचे प्रकरण पहिल्यापासून समजावू लागलो. “अहो, ती काय सांगते ते आधी ऐका तरी!” असे सौभाग्यवती म्हणेतो स्फोट झाला. तिसऱ्या खेपेला पुस्तिका माझ्या हातून काढून घेण्यात आली आणि बॉम्ब निकामी झाला. आपल्याजवळ आहे तेवढे ज्ञान सांगत सुटणे निराळे आणि समोरच्याला हवे तेवढेच देणे निराळे, हे या खेळाचे मर्म आहे. भिडूपणा हाच येथे विषय आहे आणि तोच आकार. एखाद्या कवितेत अर्थ आणि छंद एकजीव व्हावेत, तसे हे झाले आहे.

या दोन परक्या खेळांनंतर आपल्या पुण्यातला एक घेऊ. ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळींचा. तो हौसेखातर दोन दिवसांत केलेला नव्हे; त्यामागे वर्षांची चिकाटी आहे. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळी फुटली नाहीत. २०२० साली खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या हरवलेल्या भावाचा, गोलूचा, शोध घेत असुरांशी झुंजते, अशी कथा आहे. पहाडी लघुचित्रांची आठवण देणारे रंग आणि मधूनमधून चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळासारखी कथने पाहून माझ्यातला चित्रशिक्षक सुखावला. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेते, आणि हे सारे तिच्या कसरतीच्या पेशातूनच येते. कथाकार, चित्रकार आणि नियम रचणारा येथे एका ठिकाणी येतात.

पण खेळ बोलू लागला की सांधा उघडा पडतो. दुर्गा आणि विष्णू वरून निवेदन करीत राहतात, तेही मूळ आवृत्तीत इंग्रजीत. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. मुलगी चालते आहे, डोळ्यांना सगळे दिसते आहे, आणि वरून कोणी तेच सांगते आहे. शेवटही अवचित येतो. चित्र काढणाऱ्या हाताला जेवढी ऐस मिळाली, तेवढी शब्दांना मिळालेली नाही, किंवा शब्दांनी गप्प कधी बसावे हे ठरलेले नाही. खेळ लोभस आहे, म्हणूनच ही उणीव बोचते.

ही टीका मी विद्यार्थ्याजवळ मोठ्या तोऱ्यात केली. तो हसून म्हणाला, “सर, मग आपणच करू या ना एक.” दिवाळीत मुलांचा मातीचा किल्ला पाहून त्याच्या डोक्यात तिकोण्यावरचा खेळ आला होता. कॉलेजात त्याने भिडूंची हाकाटी केली होती: सात किल्ले, हजार मावळे, पुरंदरचा तह! पुरंदरच्या तहात तिकोणा मोगलांकडे गेला, तो प्रसंगही त्यात होता. ऐकणाऱ्यांनी वाहवा केली आणि एकही जण आला नाही. वडील दुकानात लक्ष घाल म्हणून मागे लागले होते. “या खेपेला जमले नाही तर नाद सोडतो,” असे तो म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज मला ऐकवला नाही. माझी चौथी कादंबरी तीन वर्षे कपाटात अर्धवट पडली आहे. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

मग त्याने निराळे केले. एक साधा चौकोन एका त्रिकोणावर चढतो आणि घाई केली की घसरतो, एवढेच त्याने आठवडाभरात करून दाखवले. सांगितल्याने जे झाले नव्हते ते दाखवल्याने झाले. आवाज ध्वनिमुद्रित करण्याचा छंद असलेली एक मुलगी म्हणाली, “घसरल्याचा आवाज मी देते.” आणखी एकाने घसरण्यातली चूक काढली आणि ती दुरुस्त करायला तोच बसला. डिसेंबरअखेर तिघे माझ्या घरी दोन दिवसांसाठी आले. विषय आईने द्यावा असे ठरले. गडावर निघालेल्या पाहुण्यांना ती नेहमी सांगते तेच तिने सांगितले, “दमानं घ्या.” विषय ठरला: दम.

मी बारा पाने कथा लिहून ठेवली होती. नायक, त्याची आई, किल्लेदाराचा फितवा, सगळे होते. मुलांनी ती आदराने वाचली आणि बाजूला ठेवली. “सर, गोष्ट नंतर बघू. पायऱ्या काढून द्याल का?” मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. ज्याला गाव कादंबरीकार म्हणून ओळखते, तो आपल्याच घरात कच्चे लिंबू ठरला! पण गडाच्या त्या उंच, दमछाक करणाऱ्या पायऱ्या माझ्याइतक्या कोणी चढलेल्या नव्हत्या. मी काढायला बसलो. रात्री तीन तास वीज गेली. कंदिलाच्या उजेडात पायऱ्या काढताना मला त्यांची उंची हातात जाणवू लागली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने चपेटदान मारुतीपासून वर धावत जाऊन स्वतःची धाप मुद्रित करून आणली. पडद्यावर ती धाप माझ्या पायऱ्यांना लागली, आणि माझ्या बारा पानांत जी भीती नव्हती ती तेथे होती. मी पाने आपण होऊन आवरली.

आता टीकाकार म्हणून सांगायचे तर खेळ अपुरा आहे. बालेकिल्ल्याचा दरवाजा उघडतच नाही, चांदण्याचा रंग फसला आहे, आणि धाप तिसऱ्यांदा ऐकताना कृत्रिम वाटते. तरीही मध्ये एक जागा आहे. चढणारा थांबतो, वारा येतो आणि खाली पवनेचे पाणी दिसते. त्या जागी यातले माझे काय आणि त्या तिघांचे काय, हे मला सांगता येत नाही.

विद्यार्थ्याने नाद सोडलेला नाही. दुकानात बसतो आणि रात्री दरवाजा उघडण्याच्या खटपटीत असतो. वडील एकदा पायऱ्या चढून पाहून गेले. बोलले काही नाहीत.

नवरात्र संपताच पोरांनी यंदाच्या किल्ल्याची माती आणून टाकली आहे. परवा मी उगाच तेथे उभा राहिलो आणि यंदा काय करावे याविषयी चार सूचना केल्या. गेल्या वर्षी उत्तर देणारा तोच पोरगा होता. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ते ऱ्हाऊ द्या सर. तुमाला काय येतं?”

मी चपला काढल्या आणि मातीत बसलो. म्हटले, “पायऱ्या येतात.”