प्रगतिपुस्तकाचे लघुतम माप

विज्ञानाच्या तासाला मोजपट्टी हातात देताना आपण मुलांना लघुतम मापाची गोष्ट सांगतो. साध्या पट्टीवर एक मिलिमीटरपेक्षा कमी लांबी वाचता येत नाही. त्या पट्टीने मोजून कोणी १२.३४७ सेंटिमीटर असे उत्तर लिहिले, तर आपण त्याखाली लाल रेघ ओढतो. प्रत्येक उपकरणाला मर्यादा असते, मापनात त्रुटी राहतेच, म्हणून तीन वाचने घ्यावीत, असे आपण बजावतो. आणि तास संपला की शिक्षकखोलीत बसून प्रगतिपुस्तकात निःशंकपणे लिहितो : ३५ पास, ३४ नापास. एका वाचनावर! या उपकरणाचे लघुतम माप किती, हे मात्र आपण स्वतःला विचारत नाही.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक माध्यमिक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी दिलेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांचे अंतर पडले. भाषेच्या बाबतीत असे व्हायचेच, असे आपण म्हणू. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिला एका शिक्षकाने २८ गुण दिले, तर दुसऱ्याने नव्वदच्या वर! विद्यार्थी एकच, उत्तरे तीच. बदलला तो फक्त मोजणारा.

आज आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत नमुना उत्तरे असतात, पायरीनुसार गुण असतात, नियामक असतात. त्यामुळे हे अंतर बरेच कमी होते. पण शून्य होत नाही. शिवाय प्रश्न कोणत्या धड्यांवर आले, त्या दिवशी मुलाची तब्येत कशी होती, यांचाही परिणाम असतोच. मग ३४ आणि ३५ यांतील फरक खरा मानायचा कशाच्या आधारावर?

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवणे बंद झाले. राज्यात गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी आल्या. श्रेणीमुळे ८३ आणि ८७ यांतला खोटा फरक गेला, हे चांगलेच झाले. परंतु ८० ला ब-१ आणि ८१ ला अ-२, ३२ ला इ-१ आणि ३३ ला ड, ही कडा राहिलीच. एका रेषेच्या जागी आठ रेषा आल्या. वर्णनात्मक नोंदींची कल्पना याहून चांगली होती, पण तयार नोंदी उतरवून घेण्याची सवय लागली आणि साऱ्या वर्गाला 'अभ्यासात प्रगती आहे' हे एकच वाक्य मिळाले. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर २०२३-२४ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षा मिळते, म्हणजे निदान दुसरे वाचन घेतले जाते. त्यातही उत्तीर्ण न झाल्यास मूल त्याच वर्गात राहते.

कुठेतरी रेषा ओढावीच लागते, असे कोणी म्हणेल. मान्य. माझी तक्रार रेषेबद्दल नाही, तर रेषेजवळच्या आकड्यावर आपण ठेवतो त्या विश्वासाबद्दल आहे. 'गणित ३४' यावरून मुलाचे वर्ष ठरते. पण त्याला भागाकार येत नाही की अपूर्णांक समजत नाहीत, हे त्या आकड्यात कुठेच नसते. पालकांना कळते ते एवढेच, की मूल कमी पडले.

एक प्रयोग करून पाहा. पाच उत्तरपत्रिकांच्या नाव व गुण झाकलेल्या प्रती काढा आणि चार सहकाऱ्यांकडून त्या स्वतंत्रपणे तपासून घ्या. गुणांचा तक्ता मांडा. प्रत्येक उत्तरपत्रिकेसाठी सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुणांतले अंतर काढा. आपल्या शाळेच्या मोजपट्टीची त्रुटी साधारण तेवढी समजा. रेषेच्या अलीकडे तेवढ्या अंतरात जी मुले येतात, त्यांचे दुसरे वाचन घ्या : तोंडी विचारा, फळ्यावर दोन उदाहरणे सोडवायला द्या. मग प्रगतिपुस्तकात गुणांशेजारी काय येते आणि काय राहिले, हे दोन ओळींत त्या मुलापुरते लिहा. पुढच्या वर्षी तो वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला त्या दोन ओळी आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडतील.