गुन्हा गावाचा, गाव मात्र पडद्याबाहेर

हाती पैसा कमी असलेल्या नव्या दिग्दर्शकाला गुन्हेपट जवळचा वाटतो, आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे. एक खून, एक पोलीस ठाणे, एकमेकांना पुरते ओळखणारे चारपाचशे उंबऱ्यांचे गाव आणि सात-आठ ताकदीचे नट एवढ्यात काम भागते. तरीही मराठीत छोट्या गावाचे थरारपट फार थोडे टिकले. बहुतेकांत गाव दिसते ते ड्रोनमधून, उसाच्या फडात, पारावर. गोष्ट मात्र कुठेही घडली असती अशीच असते. माझ्या मते या प्रकाराची कसोटी एकच: हा गुन्हा याच गावात, याच माणसांकडून का घडला, याचे उत्तर चित्रपट देतो का?

या कसोटीला पुरेपूर उतरलेला चित्रपट म्हणजे १९८१ सालचा ‘आक्रीत’. अमोल पालेकरांचे हे पहिले दिग्दर्शन आणि लेखन विजय तेंडुलकरांचे. आधार होता परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथील हत्यासत्राचा. १९७२ ते १९७४ या काळात तिथे मुली आणि स्त्रियांचे खून झाले आणि त्यांचा संबंध गुप्तधनासाठी दिलेल्या नरबळीशी जोडला गेला. ‘खुनी कोण’ या कोड्यावर हा चित्रपट उभा नाही. मूल हवे, धन हवे आणि गावावरची पकड सुटता कामा नये, या हावेतून माणसे कुठवर जातात ते तो दाखवतो. फ्रान्समधल्या नांतच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

त्याच प्रकरणावर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर बेतलेली ही मालिका आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली. काळ नेमका उभा केला आहे, अभिनयही भक्कम आहे. पण कॅमेरा मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यासोबत गावात शिरतो. त्यामुळे मानवत हे सोडवायचे प्रकरण होते, जगायची जागा राहत नाही. साधनसामग्री वाढली, पण गावाकडे पाहणारी नजर बाहेरची झाली.

दूरचित्रवाणीवर ‘देवमाणूस’ने गावातल्या गुन्ह्याला घराघरांत नेले. डॉक्टरवर गाव डोळे झाकून विश्वास ठेवते, ही कल्पना जबरदस्त होती, कारण दवाखाना दूर असलेल्या खेड्यात डॉक्टरच्या शब्दाला केवढे वजन असते हे आपण जाणतो. पण मालिका लांबत गेली तसे गाव विनोदापुरते उरले. याउलट प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) जमीन विकली जाते आणि तिथूनच गुन्हेगारी उगवते. कारण आणि कृत्य एकाच मातीतले असल्यामुळे त्यातली हाणामारीसुद्धा पोकळ वाटत नाही.

बाहेरची दोन उदाहरणे इथे उपयोगी आहेत. कार्ल फ्रँकलिन यांचा ‘वन फॉल्स मूव्ह’ (१९९२) हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अर्कान्सासमधला, थोड्या पैशांत केलेला थरारपट. लॉस एंजेलिसमध्ये खून करून टोळी एका लहान गावाकडे निघते आणि तिथला उत्साही पोलीसप्रमुख तिची वाट पाहत असतो. हळूहळू कळते की त्या टोळीतल्या कृष्णवर्णीय तरुणीशी त्याचा जुना, दडवलेला संबंध आहे. गुन्हा शहरातून आला असे वाटत असताना गावाचे वर्णभेदाचे पाप उघडे पडते. दुसरे उदाहरण दिलीश पोत्तन यांच्या ‘तोंडिमुदलुम दृक्साक्षियुम’ (२०१७) या मल्याळम चित्रपटाचे. चोराने गिळलेली सोनसाखळी एवढाच गुन्हा. बहुतेक गोष्ट कासरगोडच्या एका ठाण्यात घडते आणि त्यात खऱ्या पोलिसांनीही कामे केली आहेत. कासरगोड हा कर्नाटकाला लागून असलेला, अनेक भाषांचा जिल्हा.

असाच सीमेवरचा, बहुभाषिक जिल्हा आपल्याकडे आहे: नंदुरबार. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, आदिवासीबहुल, गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून असलेला. नवापूरचे रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातमध्ये. पलीकडे १९६० पासून दारूबंदी. फलाटाच्या मधोमध एक बेवारस बॅग सापडली तर पंचनामा कोणी करायचा, एवढ्या प्रश्नावर अख्खा चित्रपट उभा राहील, आणि त्याला सेटचा एक रुपयाही लागणार नाही.

वर सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर आजही बोटीने जावे लागते. हंगाम आला की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. साक्षीदारच गावात नसतो. ‘डाकीण’ ठरवून बाईला छळल्याच्या घटनांमागे आजारपण आणि मृत्यूची भीती असते, तसा कधी जमिनीचा वादही असतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, पण कायदा पाड्यावर पोहोचतो कसा, यावर थरारपट कुठे आहे?

हुन्नर जवळच आहे. शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ तुटपुंज्या पैशांत करून दाखवला. खान्देशी विनोदी चित्रफितींना मोठा प्रेक्षक आहे. कॅमेरा, संकलन, नट, सारे इथे मिळते. गंभीर गुन्हेकथेची पटकथाच तेवढी कोणी लिहिलेली नाही.

ती लिहिताना जबाबदारी मोठी आहे. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पडद्यावरचा संशयित अजूनही पालातून, पाड्यावरूनच उचलला जातो. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०, लेखन पुन्हा तेंडुलकरांचे) ओम पुरींचा लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प राहतो. तेव्हा ते मौनच आरोप होते. आज तेच मौन नकळत सोय बनले आहे. आदिवासी पात्राला बोलायलाच लावायचे नाही, म्हणजे भाषा शिकायला नको.

एका प्रसंगाची कल्पना करा. म्हातारी पावरी या आदिवासी बोलीत तक्रार सांगते, शिपाई ती मराठीत करतो, हवालदार ती सरकारी भाषेत उतरवतो, आणि शेवटी ओळ येते: ‘जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ खाली अंगठा. तीन माणसे, एक टेबल. तिने सांगितलेले एक नाव कागदावर आलेले नाही, हे प्रेक्षकाला कळते, तिला कळत नाही. यापेक्षा मोठा थरार कोणता?

मराठीतला पुढचा चांगला गुन्हेपट नंदुरबारमधून यावा असे मला मनापासून वाटते. त्यासाठी निर्मात्याने आधी पैसे द्यावेत ते अहिराणी, पावरी, मावची बोलणाऱ्या सहलेखकांना, आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत लेखक म्हणूनच यावे. छोट्या खर्चाच्या चित्रपटाला ड्रोन परवडला नाही तरी चालेल. गावाला ओळखणारा लेखक नसेल, तर मात्र निर्मात्याने चित्रीकरण सुरूच करू नये.