'द ग्रीन नाइट' : प्रतिष्ठेची मध्ययुगीन कल्पना आणि आधुनिक चित्रपट

मध्ययुगीन वीरकथेचे चित्रपटीय रूपांतर मूळ कथेशी किती प्रामाणिक आहे, याचीच चर्चा बहुधा होते. त्या रूपांतरात 'प्रतिष्ठा' या मूल्याचे स्थान कसे बदलते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. डेव्हिड लोअरी दिग्दर्शित 'द ग्रीन नाइट' (२०२१) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

चित्रपटाचा आधार असलेले 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी काव्य असून त्याचा कर्ता अज्ञात आहे. काव्यातील गवेन हा आर्थर राजाचा भाचा व आरंभापासूनच नावाजलेला सरदार आहे. आव्हान देणाऱ्या हिरव्या वीराचे शिर तो उडवतो आणि वर्षभराने तसाच घाव स्वतः झेलण्याचे वचन देतो. वाटेत यजमानाशी झालेला देवघेवीचा करार मोडून तो प्राणरक्षक हिरवा पट्टा लपवतो. पुढे हा दोष हिरवा वीरच उघड करतो. गवेन लज्जित होतो. परंतु दरबार हसून त्याला सावरतो आणि सर्वजण तसाच पट्टा धारण करतात. एकाची लज्जा अशा रीतीने समूहाचे भूषण बनते.

चित्रपटातील गवेन (देव पटेल) अद्याप सरदार झालेला नाही; स्वतःविषयी सांगावी अशी एकही गोष्ट त्याच्यापाशी नाही. हिरवा वीरही त्याच्या आईच्या मंत्रविद्येतून अवतरतो. बाहुल्यांच्या खेळांतून गवेनची कीर्ती पसरते, कर्तृत्व मात्र मागे राहते. काव्यात ज्या ढालीवरील पंचकोनी ताऱ्याचा अर्थ कवी विस्ताराने उलगडतो, ती ढाल येथे वाटमारे प्रवासाच्या आरंभीच फोडून टाकतात.

अखेरीस घावाच्या क्षणी, पळून गेल्यास वाट्याला येणारे आयुष्य त्याला जवळजवळ निःशब्द दृश्यमालिकेतून दिसते : राजपद, प्रेयसीचा त्याग, पुत्राचा युद्धात मृत्यू आणि शेवटचे एकाकीपण. त्यानंतर तो पट्टा स्वतःहून उतरवतो. काव्यात दुसऱ्याने उघड केलेले सत्य येथे नायक स्वतः स्वीकारतो. हे या रूपांतराचे निर्विवाद बलस्थान होय.

तथापि दरबाराचे ते हास्य चित्रपटात नाही. प्रतिष्ठा समाजाकडून काढून व्यक्तीच्या विवेकाकडे सोपवताना, दोषी माणसाला पुन्हा आपल्यात सामावून घेणारा समाजही दिग्दर्शकाने वगळला आहे. चित्रपटातील गवेन काव्यातील गवेनपेक्षा अधिक प्रामाणिक ठरतो, परंतु त्याला क्षमा करणारे कोणी उरत नाही. आधुनिक संवेदनशीलतेची ही उणीव रूपांतरातून नकळत व्यक्त होते.